एक बोट जागा

जोमादादा माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचा. गाडी येऊन थांबली की आधी चारी टायर, मग उतरणाऱ्याच्या वहाणा, आणि त्यातून वेळ उरला तर माणूस. मी त्याच्यापुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा अंगावर नवी नारायणपेठी होती, केसांत अबोलीचा वळेसर होता, आणि पनवेलमध्ये आपल्यासारखी सून दुसरी आली नाही अशी माझी ठाम समजूत होती. त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वैनी, डाव्या टाचंवर भार टाकता तुमी. सांबाला, कंबर धरंल."

आमचे हे मोठ्यांदा हसले. मी आठवडाभर फुगून होते. आता ऐंशी ओलांडली, आणि खुर्चीतून उठताना रोज डावी कंबर धरते. पण त्या एकवीस वर्षांच्या शहाणीला कोण सांगणार? तिला सांगायला गेलं की ती वळेसर नीट करायची.

पळस्प्याला पुण्याचा रस्ता सरळ जातो आणि पेण-महाडचा उजवीकडे वळतो. त्या फाट्यावर एका चिंचेखाली जोमादादाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर झावळ्या, एक पाण्याचं घमेलं, दोन लोखंडी पहारी, एक हातपंप. तो मूळचा मिठागरातल्या घरचा. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात लागला आणि तिथं टायर चढवायला शिकला. लढाई संपली, साहेब गेले, हा आपली विद्या घेऊन चिंचेखाली येऊन बसला. दिवसभर धुळीत उकिडवा. ट्रकचा टायर एकट्यानं पहारीवर उचलायचा, एकट्यानं हवा भरायचा. चाळिशीतला माणूस, पण उभा राहिला की साठीचा दिसायचा. पाठ सरळ व्हायला तिला थोडा वेळ द्यावा लागे.

"काय जोमादादा, बरं आहे ना?" कुणीही विचारलं की उत्तर एकच. "दमलो."

सकाळी सातला विचारा, "दमलो." ती तक्रार नव्हती. लोक रामराम म्हणतात तसं तो दमलो म्हणायचा. ट्रकवाले हसायचे, आणि तरी त्याच्याचकडे यायचे. कुणी घाई केली की तो पहार खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "घाईचा टायर, घाटात वैरी." कुणी म्हणालं की अरे चालेल रे, थोडं इकडंतिकडं, तर म्हणायचा, "रस्ता काय आपला मामा नाय, लाड कराला." आणि कुणी हवेचे पैसे द्यायला कुरकुरलं तर, "हवा दिसत नाय ना, म्हनून लोकांना फुकट वाटते. ट्यूब फाटली का मंग दिसते."

आमच्या घरची भातगिरणी. हे धाकटे, म्हणून लाडाचे, म्हणून हौशी. मुंबईचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची गाडी यांनी घेतली. दोनच माणसांची, बसकी, लालभडक, कापडी छत मागे दुमडणारी. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा गाडीत बसायचं की ती कमरेला बांधायची?" पण मला ती फार आवडली. पनवेलच्या बाजारातून ती निघाली की भाजीवाल्या हातातला तराजू तसाच धरून बघत राहायच्या. त्या बघतायत की नाही हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असे. इतकं बघत असे की एकदा मानच अवघडली.

मग यांनी मुंबईहून कुणा शौकिनाकडून चार टायर आणले. शर्यतीच्या गाडीचे, चांगले रुंद. जुने टायर त्यांच्याशेजारी ठेवले तर पैलवानाशेजारी शाळामास्तर उभा केल्यासारखे दिसत. मी त्याच दिवशी पुण्याला माझ्या चुलतबहिणीला पत्र टाकलं, की दिवाळीनंतर आम्ही मोटारीनं माहेरी येतोय आणि आमची मोटार शर्यतीची आहे. तिच्या सासरी मोठी काळी मोटार होती. तिनं मला ती दोन वर्षं ऐकवली होती.

जोमादादानं ते टायर पाहिले, गाडीच्या चाकावरच्या पत्र्याखाली हात घातला, बराच वेळ आत चाचपलं आणि हात बाहेर काढला. "नाय बसनार, शेट."

"अरे, बसवायचे आहेत म्हणून तर आणले," हे म्हणाले. "रुंद टायर असला की वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते."

"चिकटून तं जलू पन रहते. रगत पिते."

पण अडचण काय ते त्यानं मलाही समजेल असं सांगितलं. टायर चढेल हो, चढवायला काय. पण आतल्या बाजूला तो स्प्रिंगच्या पट्ट्यांना लागणार, आणि बाहेरच्या बाजूला वरच्या पत्र्याच्या धारेला. गाडी उभी असताना नाही कळणार. सुकाणू पूर्ण वळवलं की लागेल, खड्ड्यात गाडी खाली दबली की लागेल. आणि पत्र्याची धार एकदा टायरला लागली की ती सुरीसारखी कापत जाते. "टायरच्या चारी अंगाला एक बोट जागा पायजे. माजा बोट, तुमचा नाय, वैनी." त्यानं आपलं बोट वर केलं. ते माझ्या दोन बोटांएवढं होतं.

हे म्हणाले, "मग कर ना ती जागा."

जोमादादा कधी नव्हे तो हसला. "करतो. माजा पन काम हाय त्यात."

काम असं होतं की यांच्या ओळखीतले एक बसमालक होते. पनवेल-उरण रस्त्यावर त्यांच्या बस धावत. त्यांनी स्टँडजवळ पत्र्याची शेड बांधली होती, खाली सिमेंटची फरशी, टायर ठेवायला उंच बाकडं. बसच्या टायरांचं सगळं काम ते एका माणसाला देणार होते, आणि त्यांच्या मनात जोमादादा होता. पण ते जोमादादाला म्हणाले होते, आधी शेटची ही नखऱ्याची गाडी पुण्याला जाऊन येऊ दे, मग बघू. जोमादादानं मला हे सांगितलं तेव्हा तो टायरला साबणाचं पाणी लावत होता. "बाकड्यावर टायर, वैनी. आपन उबा. वाकाचा नाय, धुलीत बसाचा नाय. माजी बायको म्हनते, तुजा गुडगा दुखाचा थांबला का माजं कान दुखाचं थांबतील."

म्हणजे त्या गाडीच्या टायरांवर त्याची पुढची सगळी वर्षं होती, आणि हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये. मी म्हणत आले पुष्कळ वर्षं.

तीन दिवस तो त्या गाडीशी झटला. चाक आणि आस यांच्यामध्ये लोखंडी चकत्या घालून त्यानं चाकं आतल्या पट्ट्यांपासून बाहेर काढली. मग बाहेरचा पत्रा लागायला लागला, म्हणून त्या पत्र्याची आतली धार लाकडी हातोड्यानं इंच इंच ठोकून वर दुमडली. रंगाचा एक टवका उडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची ती परीक्षा, जी मी पुढे कुणाकडे पाहिली नाही. सकाळी तो खाडीवर गेला आणि पाटीभर काळा, लोण्यासारखा चिखल घेऊन आला. तो त्यानं चारी पत्र्यांच्या आतून, वर आणि बाजूला, बोटभर जाडीचा लिंपला, बायका चूल सारवतात तसा. मग म्हणाला, "आता गाडीत जेवडा जानार तेवडा सगला भरा. मानसं पन. गाडी भरल्याबगर टायरचा खरा माप नाय कलत."

हे फाट्यावरच्या हॉटेलात सिगरेट घ्यायला गेले होते. जाताना म्हणाले, "सामानाचं हिला विचार. माहेर तिचं आहे."

जोमादादानं माझ्याकडे, म्हणजे माझ्या चपलांकडे, बघत विचारलं, "काय काय नेनार, वैनी?"

मला माहीत होतं काय काय जाणार ते. सासूबाईंनी दोन दिवस आधीच काढून ठेवलं होतं. नव्या तांदळाचं पोतं. सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा डबा, सुक्या बोंबलांची जुडी. पितळेचा भलामोठा डबा भरून लाडू. सुनेला माहेरी रिकाम्या हातानं धाडली असं पुण्याला कुणी म्हणू नये, हा त्यांचा बाणा. पण मी विचारलं, "समजा, जास्त सामान असलं तर?"

"तं ह्ये टायर काडतो आनि जुने घालतो. पुन्याला जाऊन या, मंग परत ह्ये घालू."

जुने टायर! शाळामास्तर! चुलतबहिणीच्या दारात!

"मी आणि एक बॅग," मी म्हणाले.

"येक?"

"एकच. तीही लहान."

"नक्की ना? ह्याच्या वर येक नारल पन नको, वैनी."

"सांगितलं ना एकदा!" आणि वर डोक्यावरचा पदर असा ओढला, की जणू माझा अपमानच झाला.

त्यानं मला गाडीत बसवलं, पायाशी बॅग ठेवली, हे आले, आणि आम्ही फाट्यापासून खडबडीत रस्त्यानं जाऊन आलो. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग तो आडवा होऊन चारी पत्र्यांखाली शिरला. बाहेर आला तेव्हा तोंडाला चिखल होता. "खरवडला नाय कुटं. येक बोट हाय." आणि यांना म्हणाला, "जा, शेट." यांना त्यानं वजनाची अट सांगितली नाही. सांगायची ती मला सांगून झाली होती.

दुसऱ्या दिवशी पोतं सीटांच्या मागच्या खोबणीत गेलं, त्यावर डबा, त्यावर जुडी. गाडीची मागची बाजू बसली. अंडी घालायला कोंबडी बसते तशी बसली. मी पाहिलं. आणि पुढे बघून बसले.

खोपोलीपर्यंत काही झालं नाही. घाटात, वरच्या एका वळणावर, मागून जळक्या रबराचा वास आला. मी म्हणाले, "बोंबलांचा असेल." हे म्हणाले, "बोंबील जळत नाहीत." इतक्यात बार उडाल्यासारखा आवाज झाला, गाडी फिरली आणि कठड्यावर जाऊन आदळली. यांचं कपाळ फुटलं. मला खरचटलं सुद्धा नाही. कठड्यापलीकडे खाली काय होतं ते मी एकदाच बघितलं.

आणि मग त्या शहाणीनं काय केलं माहीत आहे? नवऱ्याच्या कपाळातून रक्त येतंय, आणि ही बाई रस्त्यावर सांडलेले तांदूळ पदरात भरतेय. लोकांना वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं बिचारीचं. डोकं अगदी जाग्यावर होतं. पुरावा गोळा करत होते.

यांच्या कपाळाला टाके पडले. टाके जेवढ्या वेळा दुखायचे तेवढ्या वेळा हे म्हणायचे, "जोमानं घात केला. म्हणे एक बोट जागा!" बाजारात म्हणाले, गिरणीवर म्हणाले, बसमालकांच्या ओसरीवर बसून म्हणाले. मी चहा देत होते. कपबशा देत होते. बोलायला तोंड होतं मला, आणि ते त्या घरात सगळ्यांना चांगलं माहीत होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता ती शेड दुसऱ्या एकाला मिळाली.

गाडी ओढून गिरणीच्या अंगणात आणली होती. एका दुपारी जोमादादा आला. फुटक्या चाकापाशी बसला आणि पत्र्याखाली हात घातला. मी खिडकीशी होते. हे बाहेर येऊन म्हणाले, "काय? झालं समाधान?"

त्यानं हात बाहेर काढून धोतराला पुसला. "शेट, डोक्याला लई लागला का?"

"लागलं तर. नशीब म्हणून वाचलो."

"हां," तो म्हणाला. मग त्यानं वर खिडकीकडे पाहिलं. सरळ माझ्या तोंडाकडे. पाय दिसत नव्हते म्हणून असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतर तो उठला, पाठीला तिचा वेळ दिला, आणि गेला.

त्यानंतर दहा वर्षं तो चिंचेखालीच होता. ट्रकवाले येत राहिले, पण पनवेलचे मोटारवाले तुटले. आमची लाल गाडी विकली, पोक्त काळी आली. पळस्प्यावरून जाताना मला नेमकी दुसऱ्या बाजूची शेतं बघायची असायची. इतकी शेती कुठल्या शेतकऱ्यानं पाहिली नसेल.

मग कळलं की जोमादादा दुकान मोडतोय. त्याला आता वाकलं की उठता येत नव्हतं. त्या दिवशी मी टांगा केला आणि गेले. झावळ्या उतरल्या होत्या. तो एका जुन्या टायरवर बसला होता आणि त्याची बायको चांगुणाबाय पहारी गोणपाटात बांधत होती.

"काय जोमादादा?" मी म्हणाले.

"दमलो." मग चपलांकडे बघून, "डावी टाच अजून तशीच."

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पोतं, डबा, जुडी, सगळं. दहा वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते सांगायला दोन मिनिटं पुरली, याचीच मला जास्त लाज वाटली.

तो म्हणाला, "मना ठावं व्हता."

"कधीपासून?"

"हात घातला तवाच. माजी चूक असती तं टायर बाजूनं कापला असता, वलनावर. त्यो वरून घासला व्हता. वरून घासला म्हंजे गाडी दबली. गाडी दबली म्हंजे वजन."

"मग बोलला का नाहीस? यांना तिथंच का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "त्यात माजी पन चूक हाय ना. बाईमानूस मायेरी चाललीय आनि सांगते येक बॅग. आनि मी मानला! घरात बायको हाय माजी. ती मायेरी जाते तवा बैल रडतो." चांगुणाबायनं गोणपाटाची गाठ आवळता आवळता त्याला एक गुद्दा दाखवला. "वजन इचारून घ्याचा नसतो, डोल्यानं घ्याचा. लष्करात शिकवला व्हता. इसरलो. मंग तुमचं नाव सांगून काय करू? नव्या सुनेला घरात बोलनी बसली असती, आनि येवडा करून बसचा मालक म्हनला असता, जोमा चुकी बाईवर ढकलतो."

मी म्हणाले, "मी आज घरी जाऊन यांना सांगते. ते येतील तुझ्याकडे. माफी मागतील."

"नको, वैनी."

"का नको? तुझं नाव गेलं त्यांच्या बोलण्यानं."

"शेट येतील. मंग मना उटून उबा ऱ्हावा लागंल." तो खरोखरच काकुळतीला आला होता. "माज्यानं आता नाय व्हत. ऱ्हाऊ द्या."

मी त्याचं हे ऐकलं असतं तर ते जोमादादासाठी ऐकलं असतं. पण मला माझं ओझं उतरवायचं होतं ना. तिशी ओलांडली तरी शहाणी ती शहाणीच. मी त्या संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे आधी म्हणाले, "कोण जोमा?" आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. कपाळावरचा वण चोळला तेव्हा आठवलं. मग मात्र ते जेवले नाहीत, आणि रविवारी म्हणाले, "चल."

उरणच्या वाटेवर त्याचं गाव. घरापुढच्या मांडवात खाट होती आणि खाटेवर तो पडला होता. आमची गाडी थांबली तशी त्यानं मान उचलली. आधी टायर पाहिले. मग यांना. आणि मग एक हात मांडवाच्या खांबाला लावून तो उठायला लागला.

"अरे, पडून राहा, पडून राहा," हे म्हणाले.

त्यानं ऐकलं नाही. दारात शेट आला आणि आपण आडवे, हे त्याला जमणारं नव्हतं. एक पाय खाली आला. मग दुसरा. चांगुणाबाय पुढे झाली, त्यानं तिला हातानं मागे सारलं. आम्ही तिघं बघत उभे होतो, आणि कितीतरी वेळ तो उभा राहतच होता. शेवटी खांबाला धरून सरळ झाला. कपाळावर घाम आला होता.

यांनी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते त्यांनी सगळं म्हटलं: की माझी चूक झाली, तुझं माप बरोबर होतं, मी चारचौघांत नको ते बोललो. जोमादादा मान डोलवत ऐकत होता. गुडघा थरथरत होता, तो त्यानं दुसऱ्या पायानं दाबून धरला होता. यांचं बोलणं लांबलंच. माफी मागायची सवय नसली की माणसाला ती आखूड करता येत नाही.

हे थांबले तेव्हा त्यानं विचारलं, "जाला, शेट?"

"झालं रे."

"मंग बसू?"